अनुभव धागा: खान्देशातून ऑनलाइन कास्टिंग. प्रोफाइल टाकली, पुढे काय झालं?

वाघूर

राज्य नाट्य स्पर्धेची फेरी संपली की इथल्या हौशी मंडळींचा एकच प्रश्न असतो, आता पुढे काय? पूर्वी उत्तर ठरलेलं होतं: बॅग भरा आणि मुंबईत अंधेरी गाठा. आता प्रोफाइल मोबाइलवर भरता येते, ऑडिशनही घरून पाठवता येते. पण भरलेल्या प्रोफाइलचं पुढे काय होतं, याबद्दल जळगाव-धुळे-नंदुरबारकडे ऐकीव गप्पाच जास्त. म्हणून हा धागा.

टॅलेंटट्रॅकसारख्या साइट, कास्टिंगवाल्यांची इन्स्टा पानं, व्हॉट्सॲप-टेलिग्रामचे ग्रुप, जे काही वापरून पैसे मिळणारं काम केलं असेल किंवा हातातोंडाशी येऊन गेलं असेल, ते लिहा. 'जिद्द ठेवा, यश मिळेल' छापाचं नको. काय भरलं, कुणी काय विचारलं, पैसे कधी आले, असं हवं. फसवणुकीचंही लिहा, पण नावं घेऊ नका.

निवृत्त गुरुजी, चोपडा

माझं वय ६७. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, बाकी आयुष्य गणेशोत्सव आणि स्पर्धेची नाटकं. माझी प्रोफाइल नातीने तयार केली. माझं म्हणणं होतं की केलेल्या नाटकांची यादी आणि प्रमाणपत्रं आधी टाक. ती म्हणाली, "आबा, ते नंतर. आधी दाढीला काळं लावणं बंद करा."

दोन महिने पांढरी दाढी वाढवली. मग तिने घराच्या ओट्यावर फोटो काढले: समोरून, दोन्ही बाजूंनी, उभ्याने पूर्ण, एक धोतर-टोपीत आणि एक शर्ट-पँटीत चष्मा लावून. शेवटचा मला अनावश्यक वाटत होता. ती म्हणाली, शहरातले आजोबाही लागतात.

पुढे एका बियाणं कंपनीच्या जाहिरातीसाठी फोन आला. नाटकाचा 'न'सुद्धा त्यांनी विचारला नाही. विचारलं काय, तर ट्रॅक्टर चालवता येतो का आणि त्या तारखांना मोकळे आहात का. शूटिंग नाशिकजवळ झालं. पैसे अडीच महिन्यांनी आले, १० टक्के टीडीएस कापून. आपलं उत्पन्न करपात्र मर्यादेत बसत नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात, पेन्शनवाल्यांनी विसरू नये.

फैजपूरची

गुरुजी, बांधावर बसून भाकर खाणारे ते तुम्हीच का? आमच्या घरी वाद झाला होता की भाकर कळण्याची आहे म्हणून.

निवृत्त गुरुजी, चोपडा

मीच. कळणा कुठला सेटवर! बाजरीची होती, थंडगार, आणि दुपारपर्यंत खावी लागली.

अंधेरीतला भुसावळकर

मी एका कास्टिंग डायरेक्टरकडे असिस्टंट आहे. टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते जरा लांबण लावून सांगतो, कारण गुरुजींच्या नातीला जे कळलं ते आमच्याकडे प्रोफाइल पाठवणाऱ्या अर्ध्याअधिक लोकांना कळलेलं नाही.

जाहिरातीचं ब्रीफ बहुतेक वेळा संध्याकाळी येतं आणि दुसऱ्या दुपारपर्यंत चेहरे हवे असतात. ब्रीफ म्हणजे चार ओळी. बाई, दिसायला ४० ते ४५, मध्यमवर्गीय, मराठी अस्खलित, शूट अमुक दोन तारखांना, बजेट इतकं. मी साइटवर वयोगट, भाषा, शहर हे फिल्टर लावतो. जो त्यात बसत नाही तो मला दिसतच नाही, मग तो कितीही मोठा नट असो. त्यामुळे 'दिसणारं वय' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे १८ ते ४५ भरणारे ढिगाने आहेत. त्यांना वाटतं जास्त कामं येतील. मला एवढंच कळतं की या गृहस्थाने आरसा पाहिलेला नाही. सात-आठ वर्षांचा पट्टा पुरे.

मग फोटो. लग्नातले, गॉगलवाले, फिल्टर मारून गोरे केलेले मी पाहतो आणि पुढे जातो. साध्या भिंतीसमोर, खिडकीकडे तोंड करून मोबाइलवर काढलेला चालतो. महागडा पोर्टफोलिओ सुरुवातीला लागत नाही. त्यानंतर इंट्रो व्हिडिओ: नाव, वय, उंची, शहर, डावी-उजवी बाजू, दोन्ही हात पालथे-सुलटे. हात कशाला, असं सगळे विचारतात. बिस्किटाचा पुडा हातातच धरायचा असतो ना! टॅटू, भाजल्याचे डाग, नखं, सगळं क्लायंट बघतो.

शॉर्टलिस्टमध्ये आलात की पहिला प्रश्न तारखांचा. 'घरी विचारून सांगतो' म्हणणाऱ्याची वाट बघायला वेळ नसतो. दुसरा प्रश्न: अलीकडे याच प्रकारच्या वस्तूची जाहिरात केलीय का? एका चहाची जाहिरात चालू असताना दुसऱ्या चहाची करता येत नाही. इथे लपवलंत तर शूट झाल्यावर लफडं होतं आणि नाव कायमचं जातं. तिसरं तुम्ही विचारायचं: जाहिरात कुठे चालणार, टीव्हीवर, डिजिटलवर की होर्डिंगवरही, आणि किती काळ? दिवसाचे पैसे ऐकून खूश होतात आणि चेहरा वर्षानुवर्षं वापरायचा हक्क देऊन बसतात, असे खूप.

'होल्ड'वर आहात म्हणजे काम मिळालेलं नाही. 'लॉक' हा शब्द लेखी आल्याशिवाय गावात पेढे वाटू नका. आणि नकार आम्ही कळवत नाही. हे वाईट आहे, मान्य.

शहराचं: जळगावात राहत असाल तर जळगावच लिहा. मुंबई लिहिलेल्याला मी 'दोन तासांत लुक टेस्टला (कपडे-मेकअप करून कसे दिसता ते बघायला) या' म्हणतो, आणि तो माणूस कसाऱ्याच्याही पलीकडे असतो. वर गाडी लेट असल्याचा फोटो पाठवतो.

बेटावदची सून

भाऊ, हे शेवटचं मला पटलं नाही. मी दोन वर्षं खरं शहर लिहिलं, एक फोन नाही. मुंबई लिहिलं आणि महिन्याभरात तीन ऑडिशन. माझा भाऊ डोंबिवलीला असतो, तोच पत्ता. फोन आला की 'आज दुसरं शूट आहे, उद्या सकाळी येते' म्हणायचं आणि रात्री जळगावहून अमरावती एक्सप्रेसने निघायचं, सकाळी सीएसएमटी. मालिकेत नर्स झाले, वहिनीची मैत्रीण झाले, मोर्चातली बाई झाले. फिल्टरच जर जळगावला वगळत असेल तर खरेपणा घेऊन काय करू?

अंधेरीतला भुसावळकर

ताई, डोंबिवलीला खरंच राहायची सोय आहे आणि सकाळी पोचता, म्हणजे तुमचं चालून जातं. मी बोललो ते ज्यांना भाऊ नाही त्यांच्याबद्दल. छोट्या भूमिकेला प्रवासखर्च मिळत नाही, हा हिशेब त्यांनी आधी करावा. एका दिवसाच्या कामाचे पैसे तिकीट, लॉज आणि जेवणात जाणार असतील तर फक्त सेल्फ टेपवर, म्हणजे घरी रेकॉर्ड करून पाठवलेल्या ऑडिशनवर ठरणारी कामं घ्या.

तापीकाठ

सेल्फ टेपवरून आठवलं. ज्याने मे महिन्यात भुसावळला सेल्फ टेप केलेली नाही त्याने अभिनयाच्या कष्टांबद्दल बोलू नये. पारा ४५. कूलर चालू ठेवला तर आवाज जातो, बंद केला तर चेहरा वितळतो. शेवटी सकाळी सातची वेळ ठरवली. उजेड मऊ असतो, शेजारचा मिक्सर सुरू झालेला नसतो. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीला, धान्याच्या कोठीवर. समोरच्या पात्राच्या ओळी वाचायला बायको कॅमेऱ्याच्या अगदी लगत उभी. लेन्समध्ये बघायचं नाही, तिच्याकडे बघायचं.

आता गंमत. एका वेब सिरीजसाठी टेप पाठवली. तिकडून फोन: "तुमचं नाही झालं, पण मागे ओळी वाचतायत त्या बाई कोण? त्यांचा व्हिडिओ मिळेल का?" माझी बायको अंगणवाडी सेविका आहे, स्टेजवर कधी पाऊल ठेवलेलं नाही. दोन दिवसांचं काम तिला मिळालं, भांडखोर शेजारणीचं. तेव्हापासून घरात मी रीडर, म्हणजे मागून ओळी वाचणारा.

जिभाऊ

वहिनीले मना नमस्कार सांगा, भाऊ!

आरामनगर रिटर्न

मी धुळ्याचा, सात वर्षं वर्सोव्यात काढून परत आलो. इथला उत्साह बघून थोडं पाणी ओततो. साइटवर जे जाहीर होतं ते बहुतेक जाहिराती, छोटे रोल, गर्दीतले चेहरे. मालिकेतली किंवा सिनेमातली मोठी भूमिका साइटवर पडायच्या आधी कास्टिंगवाल्याच्या डोक्यात चार नावं तयार असतात. ती नावं वर्सोव्यात, जिथे कास्टिंगवाल्यांची ऑफिसं आहेत त्या आरामनगरच्या गल्ल्यांत उन्हात उभी राहून, रोज तोंड दाखवून तयार होतात, किंवा कुणीतरी नाटक पाहिलेलं असतं म्हणून. माझी सगळी बरी कामं दुसऱ्या नटांनी नाव सुचवल्यामुळे आली. प्रोफाइल असावी, पण तिच्यावर संसार उभा राहत नाही. मालिकेचे पैसे ९० दिवसांनी येतात, तोवर खोलीचं भाडं तीनदा भरावं लागतं.

वाघूर

मोठ्या भूमिकांबद्दल पटतं. पण दादा, इथे घर, शेती, नोकरी सांभाळून वर्षाला दोन-चार कामं करणारेही आहेत. सात वर्षं वर्सोव्यात राहणं सगळ्यांना जमणारं नाही, आणि त्यांच्यासाठी हा जाहिराती-छोटे रोलचा बाजारच मोठा आहे.

साक्री रोड

मुलींसाठी लिहिते. प्रोफाइल टाकल्यावर पहिले जे मेसेज आले त्यातले बहुतेक कामाचे नव्हतेच. एकाने मालिकेसाठी सिलेक्शन झाल्याचं कळवलं, ऑडिशन न घेताच, आणि 'आर्टिस्ट कार्ड'चे पैसे मागितले. मी विचारलं, कार्ड कुणाचं? उत्तर नाही, क्यूआर कोड. ऑडिशन द्यायला कुठलंही कार्ड लागत नाही. सिंटा ही १९५८ पासूनची कलाकारांची संघटना आहे, तिचं सभासदत्व हा वेगळा विषय, आणि ते कुणी व्हॉट्सॲपवर विकत नाही. दुसऱ्याने रात्री अकराला व्हिडिओ कॉलवर 'बॉडी लँग्वेज' बघायची म्हटलं. ब्लॉक.

माझी पद्धत: कास्टिंगसाठी वेगळं सिम. प्रोफाइलवर गाव आणि कॉलेज नाही. मेसेज आला की प्रॉडक्शन हाऊसचं नाव विचारायचं, मग त्यांच्या अधिकृत पानावरून उलट खात्री करायची. प्रत्यक्ष भेट दिवसा, ऑफिसात, सोबत कुणीतरी. खरं काम असलेल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही, हा माझा अनुभव. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. माझ्या मैत्रिणीने लाजेपोटी चार दिवस घालवले, तोवर खात्यातून रक्कम पुढे निघून गेली होती.

शिरपूरची आई

मुलगा आठ वर्षांचा. शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ बघून नणंदेने त्याची प्रोफाइल टाकली आणि चॉकलेटच्या जाहिरातीचं विचारणं आलं. मी आधी नियम शोधले, ते इथे देते. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते. मुलाच्या उत्पन्नातला किमान २० टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो. मी फोनवर मुदत ठेवीचं विचारलं तर कोऑर्डिनेटर म्हणाला, "मॅडम, एवढं कोणी विचारत नाही." मी म्हटलं, मग दुसऱ्याला घ्या. दुसऱ्यालाच घेतलं. पुढचं काम ज्यांच्याकडून आलं त्यांनी न विचारता सगळे कागद पाठवले.

रावेर ते न्यू जर्सी

इकडचं थोडं. मी बॅकस्टेज वापरते. १९६० मध्ये न्यूयॉर्कला साप्ताहिक म्हणून सुरू झालेलं, आता साइट. नटाने वर्गणी भरायची, पण प्रत्येक कामापुढे मानधन, जागा, युनियनचं की बिनयुनियनचं हे लिहिलेलं असतं, त्यामुळे फोनवर घासाघीस नाही. लंडनचं स्पॉटलाइट तर १९२७ मध्ये नटांच्या फोटोंची छापील डिरेक्टरी म्हणून सुरू झालं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्यांनी आधी कामाचा परवाना बघा. एच-४ (जोडीदाराच्या) व्हिसावर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नसेल तर पैसे घेऊन काम करता येत नाही, मग प्रोफाइल कितीही चांगली असो. मला बँकेच्या जाहिरातीत डॉक्टर आणि हॉस्पिटलच्या जाहिरातीत पेशंट केलंय. केळीच्या बागेतली बाई अजून कुणी मागितली नाही.

अहिराणी हिरो

मी यूट्यूबच्या अहिराणी गाण्यांत नाचतो. व्ह्यू लाखांत. तीच लिंक प्रोफाइलला लावली होती. एका कास्टिंगवाल्या ताईंनी सरळ विचारलं, "नाच सोडून दोन वाक्यं बोलतोस का कुठे?" त्यानंतर मिनिटभराची शोरील (अभिनयाचे नमुने) केली: सुरुवातीला नावाची पाटी नाही, म्युझिक नाही, थेट चेहरा आणि संवाद. एक तुकडा रागाचा, एक हलका. त्यावर कामं आली, पण वॉचमन, ड्रायव्हर, भाजीवाला. मी कॉमर्स ग्रॅज्युएट आहे हो! बँक मॅनेजर कधी?

आरामनगर रिटर्न

शर्ट खोचून, चष्मा लावून दुसरा फोटो टाक. मनावर घेऊ नको, पण गुरुजींच्या नातीने तुझ्या आधी ओळखलंय.

अमळनेरचा आवाज

चेहऱ्याचं सगळे बोलले. आवाजाचं काम घरून पूर्ण होतं, प्रवास शून्य. कपाटाच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, एक बरा माइक घेतला. सॅम्पल छोटे आणि वेगवेगळे ठेवा: जाहिरात, माहितीपट, गोष्ट. बहुतेक जण ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल मागतात. माझ्याकडे आरोग्य मोहिमांचं अहिराणी काम बऱ्यापैकी येतं. दर ठरवताना किती शब्द, किती फेरदुरुस्त्या फुकट, हे आधी लिहून घ्या, नाहीतर स्क्रिप्ट बदलत राहते आणि तुम्ही गोधड्यांत घाम गाळत राहता.

धडगाव

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी आम्ही पावरी बोलतो, मला अहिराणी आणि मराठी येते, हिंदी बरी. साइटवर भाषेच्या यादीत पावरी नाही. काय लिहू?

अंधेरीतला भुसावळकर

यादीत नसेल तर 'स्वतःबद्दल'मध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत लिहा, शोध तिथेही चालतो. पावरी, भिली, अहिराणी सुटं सुटं लिहा, 'आदिवासी भाषा' असं मोघम नको. प्रत्येक भाषेत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ लावा, पाठांतर नको, साधं बोलणं. आणि नर्सिंग शिकताय हे नक्की लिहा, इंजेक्शन खरंच धरता येणारी मुलगी मागतात.

धडगाव

लिहिलं. मावची समजते, बोलता येत नाही, ती टाकू का?

अंधेरीतला भुसावळकर

नको. बोलायला लावतील.