मदत हवी आहे: लॅपटॉपची वाढीव वॉरंटी नोंदवता येत नाहीये

रानवारा
तातडीने मदत हवी. नव्या लॅपटॉपची वाढीव वॉरंटी पोर्टलवर नोंदवायला गेलो तर 'नोंदणीची मुदत संपली आहे' असं लाल अक्षरांत येतंय. कस्टमर केअरवाल्यांचं एकच पालुपद, 'सर, सिस्टिम घेत नाहीये.' मुदतीनंतर कुणी करून घेतली आहे का? कशी? लांबण नको, उपाय सांगा.

तळटीप
कंपनी कोणती? घेतला कधी? मुदत किती होती?

पेठेतला
वाढीव वॉरंटी म्हणजे पैसे पाण्यात. माझा लॅपटॉप नऊ वर्षं चालतोय, एकदा पंखा बदलला, बास. सुटलात म्हणा.

रानवारा
@पेठेतला, घ्यावी की नाही हे विचारलेलंच नाही.
@तळटीप, दिवाळीत घेतला. कंपनीने काय फरक पडतो, सगळीकडे तेच.

ओसरी
पडतो हो फरक. मुळात ही विकत घेतलेली वॉरंटी आहे की दिवाळी ऑफरमधली? विकतची बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटीचं वर्ष संपेपर्यंत देतात. ऑफरवाली मात्र ठरलेल्या दिवसांतच नोंदवावी लागते.

रानवारा
ऑफरची. दोन वर्षं जादा, ३० दिवसांत नोंदणी. बिल १८ ऑक्टोबरचं आहे, पण लॅपटॉप हातात आला २९ला. म्हणजे २८ नोव्हेंबरपर्यंत मुदत आहे ना? आज २४ आहे!

तळटीप
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. मधले दिवस लॅपटॉप होता कुठे?

रानवारा
दुकानात १६ जीबीवालं मॉडेल संपलं होतं. धनत्रयोदशीला पैसे भरून टाका, ऑफर धरून ठेवतो, माल मागवतो, असं म्हणाला.

ओसरी
मग तुमची बाजू भक्कम आहे. दुकानातून डिलिव्हरी चलन, म्हणजे माल दिल्याची पावती घ्या, त्यावर तारीख, सिरियल नंबर आणि शिक्का हवा. आणि बिल नीट बघा. १८ला मशीन दुकानातच नव्हतं, तर बिलावर सिरियल नंबर छापलेला असणार नाही. तोच तुमचा पुरावा. पोर्टलवर वॉरंटी कुठल्या तारखेपासून दाखवतात तेही तपासा. कधीकधी कारखान्यातून माल निघाल्यापासून मोजतात, बिल अपलोड केलं की दुरुस्त करतात. हे सगळं मेलवर करा, फोनवर नको, आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.

गुळपोळी
मेलबिल कशाला? थेट ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल होते, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. मावसभावाने फ्रिजची केस अशीच जिंकली.

तळटीप
उठसूट आयोग काय? आधी १९१५ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि कंपनीकडे तक्रार तेच पाठवतात.

गुळपोळी
१९१५वाले फक्त पाठवतात, हुकूम नाही काढत.

पेठेतला
बॅटरी ८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका. सेटिंगमध्ये मर्यादा घालता येते. मग वॉरंटी लागतच नाही.

तळटीप
@पेठेतला, मदरबोर्डला हे सांगून ठेवा.

रानवारा
सिरियल नंबर बिलावर नंतर पेनाने लिहिलाय. चलन देतो म्हणाला. एक राहिलं, बिल काकांच्या दुकानाच्या नावाने आहे, जीएसटी नंबर टाकून. त्याने अडत नाही ना?

तळटीप
अरे देवा. आणि हे आत्ता सांगताय? व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू असेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही 'ग्राहक'च ठरत नाही. आयोगात समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढणार.

गुळपोळी
अर्धवट सांगू नका. स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यासाठी घेतलं तर सवलत आहे, त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात.

तळटीप
पण वापरतोय पुतण्या!

ओसरी
आयोगाचं नंतर भांडा. आधी ऑफरच्या अटी वाचा. व्यवसायाच्या नावाचं बिल चालणार नाही, अशी अट बऱ्याचदा असते. तसं असेल तर हट्ट सोडा आणि मूळ वर्ष संपायच्या आत विकतची वॉरंटी घ्या. अपघाती नुकसान त्यात येतं का ते विचारून घ्या, साध्या वॉरंटीत पाणी सांडलेलं येत नाही.

रानवारा
अटी वाचल्या. जीएसटीबद्दल चकार शब्द नाही. पण ३० दिवस 'उत्पादन ग्राहकाला मिळाल्यापासून' असं लिहिलंय!! बिलाचा उल्लेखच नाही.

ओसरी
झालं मग. हे वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये टाका, अटींची पीडीएफ आणि चलन जोडा. पोर्टलच्या लाल अक्षरांचा फोटोही, तारीख दिसेल असा. आजच पाठवा, २८च्या आतला मेल हाताशी हवा.

गुळपोळी
आणि नाहीच ऐकलं तर आयोग.

पेठेतला
काकांनी इनपुट क्रेडिट घेतलं, म्हणजे खरेदीवरचा जीएसटी आपल्या करातून वजा करून घेतला, आणि लॅपटॉप पुतण्याला दिला, यावर कुणीच बोलत नाहीये.