ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचे मेल मोबाइलवरून गायब होतात

टॉवेलवाला_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं काम आहे. कंपनीच्या नावाने मेल घेतलाय. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुरुस्तीवाल्या पोराने आउटलुकमध्ये जोडून दिला, माझ्या अँड्रॉइडवर मी जीमेल ॲपमध्ये टाकला. आता गंमत बघा. सकाळी दिवाणजींनी कॉम्प्युटर चालू केला की माझ्या फोनवरचे मेल साफ! सुट्टीला ऑफिस बंद असतं तेव्हा मात्र सगळे दिसतात. परवा मी मुंबईत, गिऱ्हाइकाने पीओत (खरेदीच्या ऑर्डरीत) जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन, बदलून पाठवलेलं, आणि मी जुन्याच वजनाचा भाव बोलतोय. दिवाणजी म्हणतात, "हितं तर आलंय की ओ." होस्टिंगवाले, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमचे मेल असतात ते, म्हणतात, सर्व्हर ओके आहे. मग मेल जातात कुठं?

नवीपेठचा_खटपट्या:
सुट्टीला दिसतात म्हणालात, तिथंच चोर सापडला. आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज उघडा आणि टाइपचा रकाना बघा. पॉप लिहिलेलं असणार. पॉप ही मेल आणायची १९८४ सालची पद्धत, मेल सर्व्हरवरून उचलायचे आणि आपल्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण त्या पोराने काढली असेल, तर मेल उतरला की तिकडून पुसला जातो. फोन आयमॅप या दुसऱ्या पद्धतीवर आहे, तो सर्व्हरवर जे असेल तेच दाखवणार.

नुसती खूण करून भागणार नाही. दिवाणजींनी पाठवलेली उत्तरं तरीही तुम्हाला दिसणार नाहीत, ती त्याच कॉम्प्युटरवर राहतात. दोन्हीकडे आयमॅपच हवं. जुन्या खात्याचा पॉप बदलून आयमॅप होत नाही, त्यामुळे तोच पत्ता आयमॅप म्हणून नव्याने जोडा. येणाऱ्या मेलला पोर्ट ९९३, एसएसएल (मेल सुरक्षित नेणारं कुलूप समजा). जाणाऱ्याला ४६५ एसएसएल किंवा ५८७ स्टार्टटीएलएस (तसंच दुसरं कुलूप), होस्टिंगवाले सांगतील ते. युजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता, अर्धा नाही.

आणि हो, जुनं खातं लगेच उडवू नका! आधी आउटलुकमधून सगळे मेल पीएसटी फाइलमध्ये एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या. पाच-सहा वर्षांच्या पीओ त्यात अडकल्या असतील.

सातरस्ता_सीए:
एवढा कुटाणा कशाला? जीमेलचा फुकट पत्ता वापरा, आमचं चाललंय.

नवीपेठचा_खटपट्या:
तुमचं चालतं हो. एक्स्पोर्टच्या बायरला कोटेशन कंपनीच्या पत्त्यावरून गेलेलं बरं दिसतं.

टॉवेलवाला_सोलापूर:
पॉपच निघालं. आयमॅप जोडलं, फोनवर येतंय, पण पाठवलेला मेल जात नाही. शिवाय नवीन मेल उशिरा वाजतो.

नवीपेठचा_खटपट्या:
फोनवर आउटगोइंग सर्व्हरच्या पानावर ‘साइन-इन आवश्यक’ चालू करून तिथंही तोच पासवर्ड टाका. पुष्कळदा तिथला रकाना रिकामा राहतो. उशिराचं म्हणाल तर जीमेल ॲप असं बाहेरचं खातं ठरावीक वेळाने तपासतं. सेटिंगमध्ये १५ मिनिटं निवडा, त्याहून कमी मिळत नाही. घाई असेल तेव्हा यादी खाली ओढायची.

जुने मेल नवीन खात्यात ओढून टाकणार असाल तर आधी होस्टिंगला जागा किती ते विचारा. डिझाइनचे फोटो जड असतात, पेटी भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडेच परत जातात. एकेक वर्ष घेऊन टाका, संध्याकाळी लूम बंद झाल्यावर.