रेपो उतरला म्हणजे शेअर चढणारच का?

उद्यमनगरकर:
जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो व्याजदर, एकदम अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० वर आणला. फेब्रुवारीपासून धरलं तर पुरा एक टक्का. माझी ओतकामाची छोटी फाउंड्री आहे, बँकेची सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, दोन कोटींची. टक्काभर व्याज उतरलं की वर्षाला दोन लाख वाचतात, एका कामगाराचा पगार सुटतो. मोठ्या कंपन्यांचंही तेच. शिवाय एफडीला सात टक्के असताना वर्षाला शंभर रुपये मिळवायला साधारण चौदाशे गुंतवावे लागतात, पाच टक्के झाले की दोन हजार. मग त्याच शंभर रुपये नफ्याच्या शेअरला लोक जास्त भाव देतात. माझं स्पष्ट मत, व्याज उतरतीला लागलं की पैसे बाजारात घालावेत.

गुजरीतला:
दादा, पटत नाही. ४ मे २०२२ ला अचानक रेपो वाढवला, सेन्सेक्स त्या दिवशी १३०० अंकांनी पडून ५६ हजारांच्या खाली गेला. मी घाबरून सगळे फंड मोडले आणि एफडी केली. पुढे रेपो साडेसहावर गेला, तिथेच राहिला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८५ हजारांवर! त्याची रुखरुख अजून जात नाही.
उलट २००८ च्या ऑक्टोबरपासून रेपो ९ वरून भराभर खाली आणला, तरी मार्च २००९ पर्यंत बाजार गाळातच होता. बऱ्याचदा अर्थव्यवस्थेला दुखणं असतं म्हणूनच व्याज उतरवतात.

निवृत्त बँकवाला:
तुम्ही दोघंही रेपोच बघताय. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा, म्हणजे सरकार ज्यावर कर्ज घेतं त्या कागदाचा, परतावा बघा. जूनच्या कपातीनंतर तो उतरायचा सोडून ऑगस्टपर्यंत वर सरकला. मार्केट यार्डात गुळाची आवक वाढली की दर पडतो ना, तसंच रोख्यांचं. सरकारला कर्ज जास्त हवं, रोखे जास्त निघतात, भाव पडतो. आणि रोख्यावरचं व्याज ठरलेलं असतं, म्हणून त्याचा भाव पडला की घेणाऱ्याचा परतावा वाढतो. मोठे गुंतवणूकदार शेअरचा भाव त्या परताव्याशी ताडून बघतात.
२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ५०.६५ लाख कोटींच्या खर्चातले १२.७६ लाख कोटी नुसत्या व्याजाचे. रुपयातले चार आणे! मला याची खरंच काळजी वाटते.

उद्यमनगरकर:
काका, कर्ज कशासाठी काढलं तेही बघा की. त्याच अर्थसंकल्पात ११.२१ लाख कोटी भांडवली खर्चाला आहेत. रेल्वे, रस्ते, पूल उभे राहतात तेव्हा कास्टिंगच्या ऑर्डरी आमच्याकडे येतात. २०२०-२१ ला सरकारची तूट जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या, ९ टक्क्यांवर गेली होती, तरी मार्च २०२० मध्ये २६ हजारांखाली गेलेल्या सेन्सेक्सने जानेवारी २०२१ ला ५० हजारांना हात लावला.

निवृत्त बँकवाला:
कामाला लागलेलं कर्ज मलाही मान्य आहे, पण जुनं व्याज भागवायला नवं कर्ज काढणं मान्य नाही. आणि व्याज कमी असलं की बाजार चढतो म्हणता, तर जपान बघा. तिथे व्याज कित्येक वर्षं शून्याला टेकलं होतं, तरी डिसेंबर १९८९ चा निक्केईचा, म्हणजे तिथल्या शेअर निर्देशांकाचा, उच्चांक मोडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला.

गुजरीतला:
काका, लेकीच्या लग्नाचे पैसे आहेत. तीन वर्षांनी लागतील. काय करू?

निवृत्त बँकवाला:
ते शेअरमध्ये अजिबात घालू नका. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर, म्हणजे आपल्यासारख्यांना थेट सरकारी रोखे घेता येतात त्या ऑनलाइन सोयीवर, खातं उघडा आणि तीन वर्षांत मुदत संपणारा सरकारी रोखा घ्या.

उद्यमनगरकर:
लग्नाच्या पैशाबाबत काकांशी सहमत. दहा वर्षांच्या पैशाबाबत नाही. माझी एसआयपी, म्हणजे फंडातली दरमहाची ठरावीक गुंतवणूक, या महिन्यापासून वाढवतोय.