वाय-वाय-झेड हलगीवर कसं बसवायचं : जानेवारीची कोल्हापूर बैठक

प्रेषक: राजारामपुरी (मुक्काम मिसिसागा)
विषय: रशचा दौरा आणि गावची बैठक

मंडळी,

आधी बातमी. कॅनडाच्या रश या रॉक बँडचा दौरा खराच आहे, अफवा नाही. गेडी ली (बास, गायन) आणि ॲलेक्स लाइफसन (गिटार) यांनी ६ ऑक्टोबर २०२५ ला जाहीर केला, नाव 'फिफ्टी समथिंग'. सुरुवात ७ जून २०२६ ला लॉस एंजेलिसच्या किया फोरममध्ये. १ ऑगस्ट २०१५ ला ड्रमवाल्या नील पीर्टसह तिघांचा शेवटचा कार्यक्रम झाला तेच हे सभागृह. ड्रमवर जर्मनीची अनिका निलेस, जी २०२२ मध्ये जेफ बेकबरोबर वाजवत होती. शहरांच्या यादीत टोरोंटो आहे, त्यामुळे इथल्यांनी तिकिटाचं आपापसात ठरवा. त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

आता गावाकडचं. ७ जानेवारी २०२६ ला नील पीर्टला जाऊन सहा वर्षं होतील. त्या आठवड्यात बरेच जण कोल्हापुरात आहेत, म्हणून बैठक तिथेच. पहिल्या भागात रशच्या 'मूव्हिंग पिक्चर्स' या अल्बमची पहिली बाजू एलपीवर, मध्ये न थांबता : टॉम सॉयर, रेड बार्केटा, वाय-वाय-झेड, लाइमलाइट. दुसऱ्या भागात वाय-वाय-झेडची सुरुवात तबला आणि हलगीवर प्रत्यक्ष वाजवायची.

दोन प्रश्न आहेत. सुरुवात दहाच्या मापात आहे, मग खाली दहा मात्रांचा झपताल लावून टाकायचा का? आणि इथला, कॅनडातला, रेकॉर्ड प्लेअर तिकडे नेला तर चालेल का?


प्रेषक: मंगळवार पेठ
विषय: उत्तर: रशचा दौरा आणि गावची बैठक

झपतालाचा ठेका लावू नका. माप दहाचं आहे हे खरं, पण दहाची फोड वेगळी आहे. झपताल २-३-२-३. हे साडेतीन, साडेतीन, तीन.

ही लय आली कुठून ते आधी बघा. वाय-वाय-झेड हा टोरोंटोच्या पियर्सन विमानतळाचा कोड. तिथलं दिशादर्शक केंद्र तो मोर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड खुणांच्या तारसंकेतात, प्रक्षेपित करतं, आणि तोच ठोका यांनी उचलला. मोर्समध्ये वाय म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब, झेड म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड. लांब ठोक्याला एक मात्रा, आखडत्याला अर्धी. सगळं अर्ध्या मात्रेत मोजा :

वाय : धाऽ ति धाऽ धाऽ = ७
वाय : धाऽ ति धाऽ धाऽ = ७
झेड : धाऽ धाऽ ति ट = ६

एकूण २० अर्ध्या, म्हणजे १० मात्रा. हे पाठ झाल्याशिवाय वाद्याला हात लावू नका.

आता गंमत. हाताने झपताल धरा, १, ३, ८ ला टाळी आणि ६ ला खाली (टाळी न देता हात उघडा), आणि तोंडाने वरचे बोल म्हणा. तिसऱ्या मात्रेच्या टाळीवर काहीच पडत नाही, कारण तिथे आधीचा 'धा' लांबलेला असतो. दुसरा वाय चौथ्या मात्रेच्या मध्यावर सुरू होतो, म्हणजे चक्क आडवा. पण सहाव्या मात्रेच्या खालीवर 'धा' नेमका येतो, आणि आठव्या मात्रेच्या टाळीवर झेड सुरू होतो. झेडच्या सहा अर्ध्या मात्रा आणि झपतालाचा शेवटचा तीन मात्रांचा विभाग एकमेकांवर तंतोतंत बसतात. म्हणून झपताल हातावर ठेवा, तबल्यावर नको. ठेका वाजवला की त्याचे स्वतःचे 'धी धी ना' या आडव्या वायशी भांडतात आणि ऐकणाऱ्याला दोन्ही कळत नाहीत.

चूक कुठे होते तेही सांगतो. दुसरा वाय अर्ध्यावर सुरू करायला हात कचरतो. मग माणूस नकळत पहिल्या वायला अर्धी मात्रा जास्त देतो, म्हणजे सातचे आठ. दोन्ही वाय आठ-आठचे झाले की आवर्तन ११ मात्रांचं होतं आणि गिटारवाला तुमच्याकडे बघायला लागतो. दुसरी चूक, ठोके मोजणं. ठोके बारा आहेत, ४-४-४. ते समान धरून कोणी बारा मात्रांचा एकताल लावला तर गाणं राहतं बाजूला.

सुरुवात मिनिटाला ८० मात्रांनी करा. सलग वीस आवर्तनं न चुकता आली की पाचने वाढवा. रेकॉर्डबरोबर पहिल्या आठवड्यात वाजवायचंच नाही.

सूर : गिटार आणि बासवर हा ठोका दोनच सुरांत फिरतो, पेटीवरची पांढरी एक आणि काळी तीन. आपल्या भाषेत सा आणि तीव्र मध्यम. तबला पांढरी एकला लावा, पेटीवर ते दोन सूर द्या. तंबोरा ठेवणारच असाल तर पंचमाचा नको. मारवा-पूरिया या रागांना जसा ठेवत नाही तसाच. तीव्र मध्यमाच्या शेजारी पंचम सतत वाजला की या सुरांमधला सगळा ताण निघून जातो, आणि ताणासाठीच तर ते निवडलेत.

हलगीवर लांब ठोका जाड काडीने, आखूड बारीक छडीने. दोन्ही एकाच काडीने वाजवलेत तर दहा फुटांवर मोर्स संपला, नुसता कडकडाट उरतो. कातड्याचं पान असेल तर आधी शेकून घ्या. जानेवारीत रात्री पान लगेच उतरतं, म्हणून वाजवायच्या आधी दहा मिनिटं शेका, तासभर आधी नको. आणि दहाच्या आत लाउडस्पीकर बंद, नियम सगळ्यांना माहीत आहे.


प्रेषक: शाहूपुरी (मुक्काम ब्रॅम्प्टन)
विषय: उत्तर: उत्तर: रशचा दौरा आणि गावची बैठक

काका, एक शंका. मोर्समध्ये लांब खूण आखडतीच्या तिप्पट असते, दुप्पट नाही. मग तुमचं ७-७-६ किंवा रशचं वादन मोर्सच्या नियमाने चूकच नाही का?

रेकॉर्ड प्लेअरबद्दल : आधी त्याची मोटर बघा, मग तिकीट काढा. कॅनडात वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. कोल्हापुरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. जुन्या यंत्रातली सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झवरच फिरते. ६० च्या जागी ५० मिळाले की वेग पाच षष्ठांश होतो. ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे, स्वर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्त खाली, आणि पाच मिनिटांचं गाणं सहा मिनिटं चालतं. काका पांढरी एकला तबला लावून बसले असतील आणि रेकॉर्ड धैवताच्याही खाली वाजत असेल.

काही यंत्रांत मोटरच्या दांड्यावरची पुली बदलता येते. ५० हर्ट्झची पुली ६० च्या पुलीहून १.२ पट जाड असते. ती मिळत असेल तर प्रश्न मिटला. डीसी मोटरचं यंत्र असेल तर काहीच करावं लागत नाही, फक्त अडॅप्टरवर इनपुट '१००-२४०' छापलेलं हवं. इथे एक सापळा आहे. काही चांगल्या यंत्रांचा अडॅप्टर आउटपुटलाही एसीच देतो आणि आत सिंक्रोनस मोटर असते. अडॅप्टर बाहेर दिसला म्हणून डीसी धरू नका, आउटपुटची ओळ वाचा.

तिथे पोचल्यावर तपासणी सोपी : तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि तीन मिनिटं फेरे मोजा. १०० भरले तर बरोबर, ८३ भरले तर वरची भानगड. कडेला वेग तपासायचे ठिपके असतील तर ५० हर्ट्झची रांग बघायची. एलईडीच्या उजेडात मात्र त्या ठिपक्यांवर भरवसा ठेवू नका.

अँप्लिफायर आणि स्पीकर तिकडचेच घ्या. फक्त एक विचारून ठेवा, फोनो इनपुट आहे का. एलपीच्या सुईतून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, आणि रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि टीप जास्त केलेली असते. फोनो प्रीअँप ते उलटं करून सरळ करतो. मंडपवाल्याच्या मिक्सरमध्ये माइकच्या भोकात वायर खुपसली तर आवाज मोठा होईल, पण गेडी लीचा बास डब्यात खडे हलवल्यासारखा येईल.

बांधताना टोनआर्म अडकवा, मागचं वजन काढा, सुईसकट हेडशेल वेगळं, आणि तबकडी खाली सपाट ठेवून तिच्यावर काही रचू नका.


प्रेषक: मंगळवार पेठ
विषय: उत्तर: मोर्सची शंका

शाहूपुरी, शंका रास्त आहे, पण तू खुणेची लांबी मोजतोयस. तबलजी मोजतो ठोक्यापासून ठोक्यापर्यंत. मोर्समध्ये आखूड खूण १, लांब ३, आणि एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये १ एवढी विश्रांती. विश्रांतीसकट लांब झाली ४ आणि आखूड २. म्हणजे दुप्पटच. यांनी सोडलंय ते एवढंच : दोन अक्षरांमधली विश्रांती ३ हवी, ती १ ठेवली. तेवढी वाढवली असती तर आवर्तन सैल पडलं असतं. तिथे सूट घेणं बरोबरच आहे.

प्लेअरचं बाकी लाख बोललास.


प्रेषक: ताराबाई पार्क
विषय: उत्तर: मोर्सची शंका

काका, लांब म्हणजे दोन आणि आखूड म्हणजे एक, हे तर आपलं लघु-गुरूच झालं. वाय म्हणजे गुरु-लघु-गुरु-गुरु, र गण आणि वर एक गुरु. झेड म्हणजे त गण आणि वर एक लघु. ज्यांना तबल्याचे बोल जमत नाहीत त्यांच्यासाठी :

तांबडा दे, पांढरा दे, दे भाकर

७, ७, ६. मोजून बघा. अट एकच, बोलतो तसं 'तांब्डा' नाही म्हणायचं, कवितेसारखं तां-ब-डा, पां-ढ-रा. 'भाकर'चे 'क' आणि 'र' सुद्धा सुटे आणि आखूड. चरणाच्या शेवटचा लघु ताणून गुरु करायची आपल्याला शाळेपासून सवय आहे. ती इथे मोडायची, नाहीतर वीसचे एकवीस होतात.

मध्यंतरात विचारायला थोडं सामान. पडनाव 'पर्ट' नाही, 'पीर्ट'. गाण्याचं नाव 'झेड'ने संपतं, 'झी' अमेरिकेत. गेडी हे नाव 'गॅरी'च्या आईच्या उच्चारातून आलं. लाइफसन हे सर्बियन आडनावाचं, झिवोयिनोविचचं, जवळपास शब्दशः भाषांतर आहे. 'मूव्हिंग पिक्चर्स' १२ फेब्रुवारी १९८१ ला आला, ध्वनिमुद्रण क्वेबेकमधल्या मोरिन हाइट्सच्या ल स्टुडिओत. पीर्टच्या वाद्यांच्या यादीत चक्क प्लायवूड छापलंय. वाय-वाय-झेडला ग्रॅमीचं नामांकन होतं, बक्षीस द पोलीस या बँडच्या वाद्यरचनेला गेलं. २००२ मध्ये रिओत या शब्द नसलेल्या गाण्यावर अख्खं मैदान सूर लावून गायलंय, ते 'रश इन रिओ' या अल्बममध्ये ऐका.

मुखपृष्ठावरचा श्लेष मात्र मराठीत इंग्रजीइतकाच चांगला बसतो. टोरोंटोतल्या ऑन्टारिओ विधिमंडळाच्या पायऱ्यांसमोर हमाल चित्रं हलवतायत, बाजूचे लोक ती बघून हेलावलेत, आणि मागच्या बाजूला याच सगळ्याचं चित्रीकरण चाललंय, म्हणजे हलती चित्रं.


प्रेषक: राजारामपुरी (मुक्काम मिसिसागा)
विषय: उत्तर: मोर्सची शंका

ताई, 'दे भाकर' पक्कं. प्लेअर डीसी निघाला, अडॅप्टरचं आउटपुट पण डीसी, येतो घेऊन. काका, टॉम सॉयरच्या मधल्या सातच्या भागाखाली रूपक चालेल का?


प्रेषक: मंगळवार पेठ
विषय: उत्तर: सातचा भाग

रूपक नको. त्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, खाली आहे, 'ती'ने सुरू होतो, डग्गा गप्प. तिथला सिंथेसायझर समेवर दणका देतो. दणक्याखाली पोकळी येईल. पखवाजाचा तेवरा घ्या : धा दिं ता । तिट कत । गदि गन. तेही ३-२-२ च, पण समेवर टाळी आणि 'धा'.

आणि तेवरा घेणारच असाल तर आणखी एक करा. टोरोंटोचा कोड वाजवताय, मग आपला का नको? कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा कोड के-एल-एच. के लांब-आखूड-लांब, एल आखूड-लांब-आखूड-आखूड, एच चारही आखूड :

के : धाऽ ति धाऽ = ५
एल : ति धाऽ ति ट = ५
एच : ति ट ति ट = ४

चौदा अर्ध्या, सात मात्रा. तेवऱ्याच्या टाळ्या १, ४, ६ वर. तिन्हींवर ठोका पडतो, एकही टाळी कोरडी जात नाही. एच नेमका 'गदि गन'वर येतो आणि तिथून थेट सम. वाय-वाय-झेडपेक्षा हे वाजवायला सोपं आहे.


प्रेषक: ताराबाई पार्क
विषय: उत्तर: सातचा भाग

तांबडा अजूनच झणझण. ५, ५, ४.


प्रेषक: शाहूपुरी (मुक्काम ब्रॅम्प्टन)
विषय: उत्तर: सातचा भाग

नाद खुळा. हलगी कातड्याचीच आणा, शेकायला शेगडी मी बघतो.