मदत हवी आहे: रॅम शिल्लक असताना स्वॅप का भरलाय?

नमस्कार मंडळी,

ऑफिसात १६ जीबी रॅम आणि ४ जीबी स्वॅपचा (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) उबुंटू सर्व्हर आहे, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतो. मेमरीचा हिशोब दाखवणारी 'फ्री -एच' कमांड मारली की 'फ्री'खाली जेमतेम ३०० एमबी, पण 'अव्हेलेबल'मध्ये ९ जीबी दिसतात. एवढं समजतं: रिकामी रॅम कर्नल (सिस्टिमचा गाभा) फाइल कॅशला, म्हणजे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला लावतो आणि गरज पडली की सोडतो. अडतंय ते पुढे. स्वॅपमध्ये २ जीबी जाऊन बसलेत आणि ते खाली यायचं नावच घेत नाहीत.

दर सेकंदाला आकडे दाखवणारं 'व्हीएमस्टॅट १' लावून ठेवलं तर एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं) आणि एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) दोन्ही रकाने शून्यावर. म्हणजे रात्रीच्या बॅकअपच्या वेळी स्वॅपमध्ये टाकलेली मेमरीची पानं (छोटे तुकडे) तिथं नुसती पडून आहेत, असा माझा अंदाज. स्वॅपिनेस (कर्नलनं स्वॅपकडे किती झुकायचं त्याचं सेटिंग) मूळचाच, ६०. माझा अंदाज बरोबर आहे का?

दुसरं 'टॉप'चं, म्हणजे चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडचं. पोस्टग्रेसच्या प्रोसेसची रेसिडेंट मेमरी (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेला भाग) कुणाची १ जीबी, कुणाची ३. बेरीज रॅमच्या दुप्पट होते! शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेसची सामायिक मेमरी) ४ जीबी आहेत, ते प्रत्येकीच्या खात्यात पुन्हा मोजले जातात हे कळलं. मग खरा वापर काढायला एसमॅप्स (प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीचा तपशील देणारी कर्नलची फाइल) मधला पीएसएस, म्हणजे सामायिक मेमरी वाटून मोजणारा आकडा, धरायचा का?

वरिष्ठ म्हणतात रॅम वाढवा. मला ते पटत नाही, पण आकडे दाखवल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. कुठल्या आकड्यावर बोट ठेवू? आणि कामाच्या वेळेत स्वॅपऑफ (स्वॅप बंद) करून परत स्वॅपऑन (चालू) केलं तर चालेल का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.