लिलीपाँडचं मॅन्युअल: लिहिणारा चुकतो की वाचणारा?

खर्जातला
लिलीपाँड या स्वरलिपी छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये नोटेशन टाइप करावं लागतं, माउसने स्वर मांडायची सोय नाही. म्हणजे कमांड कळली नाही तर गाडी तिथेच अडली. काल 'रिलेटिव्ह' या कमांडने दोन तास खाल्ले. मॅन्युअल म्हणतं, ऑक्टेव्हची (सप्तकाची) खूण नसेल तर पुढचा स्वर आधीच्याच्या जवळात जवळ धरला जातो. बरं. सीनंतर फिस (एफ शार्प) लिहिला, तो वर गेला. सीनंतर गेस (जी फ्लॅट) लिहिला, तो खाली! पियानोवर दोघांची पट्टी एकच आणि इथे मधे अख्खा ऑक्टेव्ह. मग जवळ म्हणजे कशाच्या जवळ? ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठीच लिहिलंय हे सगळं.

मात्रामोजणी
असहमत. तिथे फक्त स्वरांची नावं मोजतात, शार्प-फ्लॅट धरत नाहीत. सी-डी-ई-एफ, वर चार. सी-बी-ए-जी, खाली चार. हा नियम मॅन्युअलमध्ये आहे. तुम्ही उदाहरण कॉपी केलं आणि पान बंद केलं, खरं की नाही?

खर्जातला
खरं. पण उदाहरण दिलंय ते कॉपी करायलाच ना? पहिल्याच उदाहरणात नेमका फिस-गेसचा घोळ दाखवला असता तर ही वेळ आली नसती.

एकटा अँकर
याहून छळणारी जोडी म्हणजे छापील चिन्हांचं रूप बदलणाऱ्या 'ओव्हरराइड' आणि 'ट्वीक' या कमांड. तीन स्वरांच्या कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधला) फक्त मधला लाल हवा होता. 'वन्स ओव्हरराइड' लावलं, तिन्ही लाल. 'वन्स' म्हणजे एकदाच, असं मी समजत होतो. तसं नाही, त्या क्षणी वाजणारं त्या व्हॉइसमधलं, म्हणजे त्या सुरावटीतलं, सगळं. एकाच स्वराला हात लावायचा तर कॉर्डच्या आत, त्या स्वराच्या आधी 'ट्वीक' लिहायचं. व्याख्या दोन्हींची बरोबर आहे हो. पण मला कुठली लागणार हे ठरवायला आधी दोन्ही कळायला हव्यात, आणि कळल्या असत्या तर मॅन्युअल उघडलं कशाला असतं?

मात्रामोजणी
म्हणूनच शिकण्याचं मॅन्युअल वेगळं आणि संदर्भाचं वेगळं ठेवलंय. सगळे थेट संदर्भात उडी मारतात. शब्दकोश वाचून भाषा येत नाही म्हणून शब्दकोशावर चिडायचं?

ट्रिप्लेट
तुम्ही दोघंही मॅन्युअलवर भांडताय. माझ्या मते कमांडचं नावच वाईट असेल तर समजावणारा बिचारा काय करणार? आधी ट्रिप्लेटसाठी 'टाइम्स २/३' लिहावं लागे, कारण कालावधी दोन-तृतीयांशाने गुणायचा. वाजवणाऱ्याच्या डोक्यात मात्र "दोन स्वरांच्या जागी तीन" असतं. २.१८ आवृत्तीत 'ट्युप्लेट ३/२' आलं आणि अपूर्णांक सरळ झाला. तिथे परिच्छेद वाढवून भागलं नाही, कमांडच बदलावी लागली.

मात्रामोजणी
हे मान्य. पण 'टाइम्स'वाल्या जुन्या फाइली अजून फिरतायत. त्या वाचायला मॅन्युअलच उघडावं लागतं.

खर्जातला
उघडतो. गेसला वर ओढायची खूण स्वराच्या आधी की नंतर, तेवढं सांगा.

एकटा अँकर
नंतर. 'ट्वीक' आधी, ऑक्टेव्हची खूण नंतर.