पहाटे चारला उठवून एकाग्रता वाढते का?

पडवी_गुहागर
लेक दहावीला. वाडीत जो तो सांगतो, पहाटे चारला उठव, वाचलेलं डोक्यात बसतं. तीन आठवडे उठवला. ओळीवर बोट ठेवून बसायचा आणि दहा मिनिटांनी पाहावं तर बोट त्याच ओळीवर. झोपत होता साडेअकराला. या वयात ८ ते १० तास झोप हवी, त्याला साडेचार मिळत होती! आता दहाला दिवा बंद, सहाला उठणं. पहाटेचा हट्ट सोडा, आधी झोप पुरी करा, हे माझं ठाम मत.

हर्णै_बंदर
ताई, नाही पटलं. दोष पहाटेचा नाही, साडेअकराचा आहे. आमच्याकडे साडेआठाला निजानीज, मी चारलाच उठून शिकलो. रोज तीच जागा, तीच वेळ, याने मन आपोआप बसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा आजोबांशेजारी जाळं तुणायला बसायचो. एक आस, म्हणजे जाळ्याचं एक घर, चुकली की पुढचं सगळं उसवायचं. आजोबा रागवायचे नाहीत, चुकलेला दोरा कापून सुई परत माझ्या हातात द्यायचे. तासभर नजर न हलवता बसायची सवय तिथे लागली, पुढे परीक्षांना तीच कामी आली.

सड्यावरचा
फोन कुठे असतो ते आधी सांगा. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१७ चा प्रयोग आहे: फोन गप्प पालथा टेबलावर असला तरी, तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांपेक्षा गुण कमी पडले. माझा आठ ते दहा माजघरातल्या फडताळात असतो. पहिले चार दिवस हात सारखा खिशाकडे जायचा.

मालवणची_बाय
त्या प्रयोगावर शपथ घेऊ नका, नंतर इतरांनी करून पाहिला तेव्हा दरवेळी तसंच आलं नाही. फोन लांब ठेवा, माझी ना नाही. पण मी नववी-दहावीला भूमिती शिकवते, मुलांचं लक्ष मोडताना रोज बघते. हल्ली पोमोडोरोचं वेड आहे, म्हणजे २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलोंनी १९८० च्या दशकात टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरी घड्याळावरून ते बसवलं. इतिहासाला चालतं. प्रमेय अर्ध्यावर असताना घंटा वाजली तर मूल पुन्हा आकृतीपासून सुरू करतं. तिथे घड्याळ नको, प्रमेय संपलं की उठायचं.

पडवी_गुहागर
हर्णैकर दादा, साडेआठाची निजानीज आमच्याकडे जमणार नाही. ह्यांची एसटी साडेनऊला येते आणि बापलेक एकत्र जेवतात, ते मी मोडणार नाही. साडेअकरा त्यानंतरच्या फोनमुळे व्हायचे, हे मात्र तुम्हा दोघांचं वाचून ध्यानात आलं. शिकवणीचे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, ते संध्याकाळी सातला वहीत उतरवून घेईल, मग फोन फडताळात. चारला मात्र उठवणार नाही.